एनर्जी ड्रिंकचा कॅन उघडण्यापूर्वी

माझा पहिला कॅन मी रात्री साडेअकराला उघडला. सकाळी सातच्या आत भाषांतराचं एक काम हातावेगळं करायचं होतं आणि डोळे मिटायला लागले होते. कॅनच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘कॅफीन ३२ मिलिग्रॅम’ असं दिसलं आणि म्हटलं, हे तर कपभर चहापेक्षाही कमी. दीडच्या सुमाराला दुसरा उघडला. तीनला जरा आडवा झालो तर उशीतून छातीचे ठोके कानात वाजत होते. पापण्या मिटलेल्या, आत मात्र टक्क जाग. काम वेळेवर गेलं. नंतर पाहिलं तर एक परिच्छेद दोनदा उतरवलेला आणि एक अख्खा तक्ता गाळलेला. दुपारी तोच रिकामा कॅन उजेडात धरून वाचला तेव्हा त्या ३२ च्या पुढचे शब्द दिसले: ‘प्रति १०० मिली’. कॅन अर्ध्या लिटरचा होता. म्हणजे एकात १६०, दोनांत ३२० मिलिग्रॅम.

एनर्जी ड्रिंकबद्दल एकतर घाबरवणाऱ्या गोष्टी कानावर येतात, नाहीतर जाहिरातीतल्या कोलांट्या दिसतात. पहिल्यांदा पिणाऱ्याला, किंवा घरातलं पोर पितंय म्हणून काळजीत पडलेल्या आईबापांना, त्यातलं काहीच कामाचं नसतं. कामाचे आहेत ते तीन आकडे: पूर्ण कॅनमधलं कॅफीन, पूर्ण कॅनमधली साखर आणि घड्याळातली वेळ. लेबलवरचा बाकीचा मजकूर बहुतांशी सजावट आहे. त्याच्याकडेही बघू, पण शेवटी.

पहिली पायरी: हातात नक्की काय आहे ते ओळखा

एकाच काचेच्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींच्या बाटल्या सारख्याच भडक. सॉफ्ट ड्रिंक म्हणजे साखर, चव आणि बुडबुडे. कोलात थोडं कॅफीनही असतं. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे पाणी, थोडी साखर आणि सोडियमसारखे क्षार, घामातून गेलेलं भरून काढण्यासाठी. त्यात सहसा कॅफीन नसतं. एनर्जी ड्रिंकचा कणा मात्र कॅफीनच. तासभर पळून घामाघूम झाल्यावर एनर्जी ड्रिंक पिणं म्हणजे तहान लागली म्हणून कॉफी मागण्यासारखं आहे. पाणी पोटात जातं, पण हे पेय घामातून गेलेलं भरून काढण्यासाठी बनवलेलं नसतं.

चौथी वस्तू गल्ल्यापाशी ठेवलेली असते: ६० मिलीच्या आसपासची छोटी बाटली, जिला ‘शॉट’ म्हणतात. आकार बघून फसू नका. काही शॉटमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे दोन घोटांत २५० मिलीच्या अडीच लहान कॅनएवढं. नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

या पेयांचं घराणं तसं जुनं आहे. जपानमध्ये १९६२ साली ‘लिपोव्हिटान डी’ नावाची, टॉरिन हा घटक असलेली छोटी बाटली टॉनिक म्हणून विकायला आली. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात ‘क्राटिंग डेंग’ आलं आणि ट्रकचालक, कामगार यांच्यात रुळलं. त्यावरूनच बेतलेलं ‘रेड बुल’ १९८७ मध्ये ऑस्ट्रियात विक्रीला आलं आणि मग ते जगभर गेलं. थोडक्यात, रात्रपाळीच्या माणसाचं पेय पुढे कॉलेजच्या पोरांचं झालं.

दुसरी पायरी: कॅन उलटा करा आणि गुणाकार करा

लेबलवर ‘प्रति १०० मिली’ असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्याला कॅनच्या मिलीने गुणा आणि १०० ने भागा. ३२ चा आकडा आणि २५० मिलीचा कॅन म्हणजे ८० मिलिग्रॅम. तोच आकडा आणि ५०० मिली म्हणजे १६०. काही लेबलांवर ‘प्रति सर्व्हिंग’ असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘या कॅनमध्ये २ सर्व्हिंग’. एकदा उघडलेला कॅन अर्धा झाकून कोण ठेवतो? तेव्हा दुप्पट करूनच मोजा. काही मोठ्या कॅनमध्ये आकडा ३०० पर्यंत जातो. रंग, आकार, चव यांवरून यातलं काहीच कळत नाही. एकाच फळीवरच्या दोन सारख्या कॅनमध्ये तिप्पट-चौपट फरक असू शकतो.

आता तुलना. फिल्टर केलेल्या कॉफीच्या २४० मिलीच्या मगात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, एस्प्रेसोच्या एका घोटाएवढ्या कपात ६० च्या आसपास, तेवढ्याच मगभर काळ्या चहात ४० ते ५० आणि कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३० ते ३५. म्हणजे लहान कॅनमधलं कॅफीन कॉफीच्या मगाहून थोडं कमीच भरतं. हे मान्य केलेलं बरं, कारण उगाच राक्षस उभा केला की पोरं एक कॅन पिऊन बघतात, काही होत नाही आणि मग तुमचं बाकीचंही ऐकत नाहीत.

फरक पिण्याच्या पद्धतीत आहे. कॉफी गरम आणि कडू, म्हणून फुंकत फुंकत अर्धा तास चालते. कॅन थंड, गोड आणि आंबट, तीन मिनिटांत रिकामा. शिवाय कॉफीला कॉफीची चव असते, आपण कितवा कप घेतोय ते जिभेला कळतं. कॅनची चव कुठल्याशा न ओळखता येणाऱ्या फळाची, सरबतासारखी. जीभ मोजत नाही.

आता मर्यादा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत कॅफीन सुरक्षित मानता येतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २००. मुलांसाठी दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या मुलाला १२०. अर्ध्या लिटरचा एक कॅन ती रेषा सहज ओलांडतो.

हे ४०० सगळ्या स्रोतांचं मिळून आहे. सकाळचा चहा, अकराची कॉफी, जेवणासोबतचा कोला, चॉकलेट, सगळं त्यात धरा. आणि डोकेदुखीची गोळीही. काही वेदनाशामक गोळ्यांत मुद्दाम कॅफीन घातलेलं असतं, एकेका गोळीत साठ-पासष्ट मिलिग्रॅमपर्यंत. एक दिवस कागदावर लिहून बघा. एरवी ‘मी फारसं घेत नाही’ म्हणणाऱ्यांचाही आकडा कॅनशिवायच २५० च्या पुढे गेलेला असू शकतो.

माझे त्या रात्रीचे ३२० या हिशेबात बसत होते. मग उशीतले ठोके कुठून आले? त्याचं उत्तर पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: घड्याळ बघा

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे तो बसला की काम मंदावतं आणि झोप येते. संगीतखुर्ची आठवा. कॅफीनचा आकार ॲडिनोसिनशी इतका मिळताजुळता की ते येऊन त्याच खुर्च्या अडवून बसतं. खेळ थांबत नाही, ॲडिनोसिनची गर्दी कमी होत नाही, उलट वाढतच राहते, फक्त तिला बसायला जागा नसते. म्हणून ‘एनर्जी’ हा शब्दच फसवा आहे. कॅफिनातून कॅलरी मिळत नाहीत आणि थकवा जात नाही. थकव्याची खबर तेवढी वर पोचत नाही. काही तासांनी खुर्च्या रिकाम्या झाल्या की ताटकळलेली सगळी गर्दी एकदम बसते. कॅन प्यायल्यावर तीन-चार तासांनी जो माणूस गळून जातो, त्याला लोक साखर उतरली म्हणतात. साखरेचा वाटा असेलही, पण साखर नसलेला कॅन पिणारेही असेच गळतात.

प्यायल्यापासून अर्ध्या ते एका तासात रक्तातलं कॅफीन शिखरावर असतं. तिथून ते निम्मं व्हायला निरोगी प्रौढात सरासरी पाच तास लागतात. आता हिशेब करा. संध्याकाळी सहाला अर्ध्या लिटरचा कॅन, १६० मिलिग्रॅम. रात्री अकराला अंगात ८० उरलेलं, म्हणजे अंथरुणात शिरताना नुकताच एक लहान कॅन प्यायल्यासारखं. पहाटे चारला अजून ४०. झोप लागते बऱ्याच जणांना, पण ती उथळ असते. सकाळी अंग जड, आणि जड अंगावर उपाय म्हणून पुन्हा कॅन. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली.

पाच तास हे सरासरी आहे आणि माणसा-माणसांत फरक मोठा. कॅफीन मोडण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. काहींच्यात ते जन्मतःच जोरात चालतं, काहींच्यात रमतगमत. गरोदरपणात वेग खूप कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत निम्मं व्हायचा काळ जवळपास दुप्पट होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत उलट, कॅफीन लवकर मोडतं. याची एक गंमत अशी की सिगारेट सोडली की कालपर्यंत पचणारा तोच कॅन अचानक जड जायला लागतो. हात थरथरतात, झोप उडते आणि माणूस समजतो की हा सिगारेट सोडल्याचाच त्रास.

व्यवहारातला नियम: झोपायच्या वेळेतून आठ तास मागे मोजा, त्यानंतर कॅन नको. अकराला झोपणाऱ्याची वेळ दुपारी तीनला संपते. माझा पहिला कॅनच साडेअकराला होता आणि दोन तासांत ३२० पोटात गेलं होतं. दिवसाची मर्यादा मी पाळली होती, एका वेळची नाही आणि वेळेची तर मुळीच नाही.

चौथी पायरी: साखर चमच्यांत मोजा

हा भाग वाचून सोडू नका, करून बघा. नेहमीच्या साखर घातलेल्या कॅनमध्ये १०० मिलीला ११ ग्रॅमच्या आसपास साखर असते. लहान कॅनमध्ये २७, मोठ्यात ५५ ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्यात चारेक ग्रॅम मावते. म्हणजे लहान कॅनमध्ये सात चमचे, मोठ्यात चौदा.

अर्धा लिटर साधं पाणी घ्या आणि त्यात चौदा चमचे साखर एकेक करून टाका. सातव्या चमच्याला हात थबकतो, दहाव्याला तळाशी न विरघळलेला थर दिसायला लागतो आणि ढवळत राहावं लागतं. मग एक घोट घ्या. माझ्या घशाखाली दुसरा उतरला नाही. आता त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, टाका आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तेच पाणी आता चक्क पिता येतं. आंबटपणा आणि गारवा मिळून चौदा चमचे जिभेपासून लपवतात. कॅनमध्ये त्यात बुडबुड्यांची भर.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली आणि तत्सम मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० कॅलरींच्या आहारात ती साधारण ५० ग्रॅम होते. शक्य तर त्याच्याही निम्मी. मोठा कॅन एकटाच दिवसाचा कोटा संपवून पुढे जातो.

शुगर-फ्री कॅन हा प्रश्न सोडवतो, पण तेवढाच. नाव वाचून तो सौम्य असेल असं वाटतं, पण कॅफीन सहसा तितकंच असतं. गोडीसाठी सुक्रालोज, ॲसेसल्फेम-के, कधी ॲस्पार्टेम. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेमचं नाव लेबलवर शोधलंच पाहिजे.

आणि आम्ल दोन्हींत सारखंच. या पेयांचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३ च्या आसपास असतो. दाताचं बाहेरचं कठीण कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. इथे एक पेच आहे. कॅफीनसाठी सावकाश प्यावं, दातांसाठी मात्र घोटघोट करत दोन तास लावणं सगळ्यात वाईट, कारण तोंड तेवढा वेळ आंबट राहतं. मी मधला मार्ग काढला: थोडंच ओतून घ्यायचं, अर्ध्या तासात संपवायचं, जमल्यास खाण्याबरोबर, आणि लगेच साध्या पाण्याने चूळ. ब्रश मात्र लगेच नको. आम्लाने मऊ पडलेल्या कवचावर ब्रश घासला तर ते आणखी झिजतं. अर्धा तास तरी जाऊ द्या.

पाचवी पायरी: उरलेली नावं किती मनावर घ्यायची

टॉरिन. याच्याभोवती सगळ्यात जास्त दंतकथा. १८२७ मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं केलं, म्हणून लॅटिनमधल्या बैलावरून नाव पडलं. तिथूनच ‘यात बैलाचं काहीतरी असतं’ ही कुजबुज निघाली. पेयातलं टॉरिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनवलेलं असतं. आपलं शरीरही ते तयार करतं आणि मांस-मासळीतून ते मिळतं. २५० मिलीच्या कॅनमध्ये १००० मिलिग्रॅम टॉरिन असतं, हा आकडा कॅफीनच्या शेजारी अवाढव्य दिसतो, पण तेवढ्याने अपाय होतो असं दिसलेलं नाही. युरोपीय प्राधिकरणाने २००९ साली टॉरिन आणि या पेयांतलाच ग्लुक्युरोनोलॅक्टोन हा आणखी एक घटक, या दोन्हींबद्दल पेयातल्या प्रमाणात चिंता नसल्याचं म्हटलं होतं. तरतरी येते ती मात्र कॅफीनची. टॉरिनला तिचं श्रेय देण्याजोगा भक्कम पुरावा नाही.

ब जीवनसत्त्वं. ‘रोजच्या गरजेच्या अमुक टक्के’ असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ही जीवनसत्त्वं अन्नातून ऊर्जा काढायच्या कामात लागतात हे खरं. पण ज्याच्या शरीरात ती पुरेशी आहेत, त्याला जास्त दिल्याने जास्त ऊर्जा मिळत नाही. गाडीत तेल पुरेसं असताना आणखी ओतून ती पळत नाही, तसंच. जास्तीचं बहुतेक लघवीवाटे जातं. कॅननंतर लघवी भडक पिवळी दिसली तर ते बी-२, घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते बी-६ वर. दीर्घकाळ जास्त प्रमाणात गेलं तर हातापायांच्या नसांना इजा होऊन मुंग्या येतात, बधिरपणा येतो. २०२३ साली युरोपीय प्राधिकरणाने प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. लहान कॅनमध्येही पाचेक मिलिग्रॅम असू शकतं. रोज दोन कॅन आणि वर मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेणाऱ्याने बेरीज करावी.

ग्वाराना हे ॲमेझॉन खोऱ्यातल्या एका वेलीचं बी. ऐकायला वनौषधी, आत कॅफीनच, आणि कॉफीच्या बीपेक्षा जास्त. लेबलवर ग्वाराना वेगळं लिहिलेलं असेल तर एकूण कॅफिनात ते धरलंय का ते बघा. ‘एनर्जी ब्लेंड’ असं एकच नाव आणि एकच वजन देऊन आतले भाग झाकलेले असतील तर माझा सल्ला सरळ आहे: तो कॅन परत ठेवा. जिनसेंग रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतं. इनोसिटॉल, कार्निटिन वगैरे वाचून पुढे जा.

सहावी पायरी: आपण ‘नको’च्या यादीत आहोत का

मुलं आणि किशोरवयीन या यादीत पहिले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ सालीच म्हटलं की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लाटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. युरोपीय संघात लिटरला १५० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन असलेल्या अशा पेयांवर मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी शिफारस नाही, असं छापावंच लागतं.

हृदयाचे ठोके अनियमित असलेले, जन्मजात ‘लाँग क्यूटी’ (दर ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागणं) असलेले, घरात तरुण वयात कुणी अचानक दगावलेलं आहे असे, रक्तदाब ताब्यात नसलेले, पॅनिकचे झटके येणारे, अपस्माराचे रुग्ण: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४ निरोगी तरुणांना तासाभरात ९४६ मिली एनर्जी ड्रिंक दिलं. चार तासांनंतरही ईसीजीतलं (हृदयाच्या आलेखातलं) हे क्यूटी अंतर, तसंच दिसणारं साधं पेय घेतलं होतं त्या वेळेपेक्षा ६ ते ८ मिलिसेकंदांनी जास्त होतं आणि रक्तदाब चार-पाच अंकांनी वर. निरोगी माणसाला हे जाणवणारही नाही. ज्याचं हे अंतर आधीच वाढलेलं आहे, त्याच्यासाठी ही भर साधी नाही.

औषधं चालू असतील तर औषधाच्या दुकानातच विचारून घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध कॅफीन मोडण्याचं काम अडवतात, मग नेहमीचा कॅन दुपटी-चौपटीने जाणवतो. दम्याचं थिओफिलिन आणि कॅफीन एकाच घराण्यातले, दोन्हींचे दुष्परिणाम एकमेकांत मिसळतात. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) यावरच्या उत्तेजक गोळ्यांबरोबर तर मुळीच नको. लिथियम घेणाऱ्यांनी कॅफीन अचानक वाढवूही नये आणि बंदही करू नये, कारण त्याने रक्तातली लिथियमची पातळी हलते.

दारूत मिसळणं हा स्वतंत्र मूर्खपणा आहे. कॅफीन गुंगी झाकतं, दारू तशीच राहते. पाय लटपटत नाहीत म्हणून माणूस आणखी पितो आणि गाडीची किल्ली मागतो. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅफीन घातलेली मद्यपेयं विकणाऱ्या चार उत्पादकांना ताकीद दिली होती ती याचसाठी.

सातवी पायरी: प्यायचंच ठरलं, तर पहिला कॅन असा

लहान कॅन, ८० मिलिग्रॅमपर्यंतचा. सकाळी किंवा भर दुपारी, काही खाल्ल्यावर. त्या दिवशी चहा-कॉफी बाजूला. निम्मा ग्लासात ओता, कॅन नजरेआड ठेवा आणि पाऊण तास थांबा. शिखर यायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून ‘काही होत नाहीये’ असं पहिल्या दहा मिनिटांत ठरवून पुढचा उघडू नका. परीक्षेचा, मुलाखतीचा किंवा लांबच्या प्रवासाचा दिवस या प्रयोगासाठी निवडू नका. जोरदार व्यायामाच्या आधीही नको. सोबत पाणी प्या.

गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर क्रम असा: गाडी सुरक्षित जागी थांबवा, कॅफीन घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॅफीन चढायला तेवढा वेळ लागतोच, आणि त्या डुलकीत ॲडिनोसिनची थोडी गर्दी ओसरते. नुसता कॅन पिऊन चालवत राहिलात तर क्षणभराची डुलकी लागू शकते, आणि वेगात असलेल्या गाडीला तो क्षण पुरतो.

आठवी पायरी: जास्त झालं तर

हात थरथरणं, धडधड, मळमळ, विनाकारण घाबरं वाटणं इथपर्यंत असेल तर पुढचा घोट थांबवा, बसा, कुणाला तरी सोबत ठेवा. पाणी प्या, पण पाण्याने कॅफीन धुऊन निघत नाही. त्याला त्याचे तास लागतात. उतारा म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नका.

छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, ठोके चुकत असल्यासारखं वाटणं, उलट्या न थांबणं, बरळणं, आकडी: यातलं एकही झालं तर घरी वाट बघायची नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि रिकामा कॅन बरोबर न्या, डॉक्टरांना आकडा तिथूनच मिळतो. थोड्या वेळात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन गेलं तर आकडी येऊ शकते. कॅनने तिथवर पोचायला वेळ लागतो. शुद्ध कॅफीनच्या पावडरीने लागत नाही. तिच्या एका चहाच्या चमच्यात २८ कप कॉफीएवढं कॅफीन असू शकतं. ती घरात आणूच नका.

नववी पायरी: सवय लागली असेल तर

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, नंतर उतरत जातं, फार तर आठ-नऊ दिवस. शौर्य दाखवण्याची गरज नाही. दोन कॅन असतील तर तीन-चार दिवस दीड, मग एक, मग लहान कॅन, मग त्याच्या निम्मा. दिवसातला शेवटचा कॅन सगळ्यात आधी काढा, म्हणजे झोप सुधारते आणि पुढच्या कॅनची ओढ आपोआप कमी होते. डोकेदुखीला गोळी घेताना तिच्या पाकिटावर कॅफीन लिहिलंय का ते वाचा, नाहीतर सोडतोय तेच दुसऱ्या दाराने आत येईल.

फक्त कामाच्या दिवशी पिणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. सुटी लागली की दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि दोष उन्हाला, जागरणाला, नाहीतर उशिरा उठण्याला जातो. आदल्या दिवशीचा शेवटचा कॅन किती वाजता संपला होता ते आठवून बघा.